गुळण्यांचा सूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आबांना तर नाहीच. एका बाईंना ते ठाऊक आहे, पण मी सांगितलं म्हणून नाही — त्या तिथे होत्या म्हणून. त्यांच्यापुढे मी सापडलो. सांगणं निराळं. ते आज पहिल्यांदाच करतोय, आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाहीये.

माझ्यापासूनच करतो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा बँड आहे. लग्नाचा बँड. आबा, म्हणजे माझे वडील, त्यात सॅक्सोफोन वाजवायचे; त्यांच्या आधी त्यांचे वडील. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पास झालं नव्हतं. मी इंजिनिअर झालो. इथे येऊन एमएस केलं. गेली सोळा वर्षं मिशिगनमध्ये, ट्रॉयला आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी का किंचाळते ते शोधून काढायचं, हे माझं काम. हे सगळं मी ताठ मानेने सांगतो. का सांगू नये? आम्ही वाजवणारे लोक. वाजवणाऱ्यांची पंगत लग्नात कधी बसते आणि कुठे बसते, हे मराठी माणसाला मी वेगळं समजावायला नको. तिथून उठून मी इथे आलो. एकटा आलो.

एकटा — हा शब्द लक्षात ठेवा. सगळं त्यातच अडकलंय.

तुम्हाला वाटलं असेल, याने आपला बँड लपवला. तसं असतं तर हे कधीच सांगून मोकळा झालो असतो. बँड मी कधीही लपवला नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी पॉटलक असेल, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, तेव्हा मी आपणहून सांगतो, मी बँडवाल्याचा मुलगा. लोक आधी गप्प होतात, मग कौतुक करतात. एक काका तर दरवेळी सगळ्यांना ओढून आणतात — हा बघा, याला म्हणतात सेल्फ-मेड. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? फार आवडतं.

आता सॅक्सोफोनचं. रिदम अँड ब्लूजचा अगदी सुरुवातीचा काळ कधी ऐकलाय तुम्ही? तेव्हा गिटार मागे असायची आणि पुढे सॅक्सोफोन. आणि तो गोड वाजायचा नाही, ओरडायचा. एकच सूर धरून तोच वीस वीस वेळा ठोकायचा, गाडीच्या हॉर्नवर कोपर टेकून ठेवल्यासारखा. घसा खरवडून निघालेला आवाज. वाजवणारा गुडघ्यांवर यायचा, पाठीवर आडवा पडून पाय झाडायचा, पण सूर सोडायचा नाही. समोरचे लोक नाचून नाचून वेडे व्हायचे. शहाण्यांनी तेव्हा नाकं मुरडली — हे कसलं संगीत, हा धिंगाणा.

मी शनिवारी दुपारी डेट्रॉइटमध्ये हा धिंगाणा वाजवतो. एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आमचा ग्रुप जमतो. म्होरके मिस्टर टॉलिव्हर. होते, म्हणायला हवं. ऐंशी ओलांडलेले, उंच, काळे गृहस्थ, आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात राबलेले. असे वाजवणारे त्यांनी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते म्हणायचे, हा आवाज चर्चमधूनच निघालाय. प्रवचन देणाऱ्याचे शब्द संपतात आणि तरी त्याला थांबवत नाही, तेव्हा गळ्यातून जे येतं, ते कुणीतरी पितळेत भरलं.

नऊ वर्षांपूर्वी लायब्ररीत लावलेली या ग्रुपची जाहिरात वाचून मी तिथे पहिल्यांदा गेलो. एका कोपऱ्यात बसून जपून वाजवत होतो. शेवटच्या गाण्यात ड्रम चढला आणि माझ्याकडून तो आवाज सुटला. सगळ्यांनी वाजवणं थांबवलं. मिस्टर टॉलिव्हर खुर्ची ओढत माझ्यासमोर आले आणि म्हणाले, हा कुठून आणलास तू?

'माझ्या वडिलांकडून.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते, खरंच आले होते. आणि मग मनात आलं — म्हणजे माझं काय? डिग्री मी मिळवली, व्हिसा मी मिळवला, घर मी घेतलं, कुणाचं बोट न धरता. आणि या लोकांनी वाजवणं थांबवून जिच्याकडे पाहिलं, ती गोष्ट मात्र आबांची?

मी म्हणालो, हॉस्टेलमध्ये असताना कुणीतरी टाकून दिलेल्या जुन्या अमेरिकन रेकॉर्ड्स सापडल्या. त्या ऐकून ऐकून एकट्याने बसवला. वडील वाजवतात, पण ते लग्नातलं. त्यांनी फक्त बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या वाजवण्याला नाही, त्या गोष्टीला.

रेकॉर्ड्स नव्हत्याच. हॉस्टेलमध्ये रेकॉर्ड लावायचं यंत्रसुद्धा नव्हतं. असली पहिली रेकॉर्ड मी ट्रॉयला आल्यावर ऐकली, जुन्या सामानाच्या दुकानातून आणून. ती ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आतून आबा वाजवत होते.

खरं काय ते ऐका. मी अकरा वर्षांचा असल्यापासून आबा मला रोज सकाळी मोरीवर उभं करायचे. तोंडात कोमट मिठाचं पाणी, मान वर, आणि गुळणी करता करता सूर धरायचा. ते बाजूला पेटी घेऊन बसत. ज्या पट्टीवर बोट ठेवतील तो सूर पाण्यातून काढायचा. मग पाणी थुंकून, गळा तसाच खळखळत ठेवून सॅक्सोफोनमध्ये फुंकायचं. म्हणजे बाहेर फुंकायचं आणि आत गायचं, दोन्ही एकदम. दोन सूर एकमेकांवर घासतात आणि त्यातून तो फाटका, जाड आवाज येतो. आमच्या बँडमध्ये त्याला 'वाघ सोडणं' म्हणतात. तीन ट्रम्पेट, ढोल, ताशे, जनरेटरची भकभक — त्यावर सॅक्सोफोन ऐकू जायचा तर वाघच लागतो. मला ठसका लागायचा, नाकातून पाणी यायचं. आबा पाठीवरून हात फिरवायचे आणि पुन्हा पेला पुढे करायचे. दोन वर्षं. दोन वर्षांनी माझा वाघ सुटला, तेव्हा त्यांनी बँडमधल्या सगळ्यांना पेढे वाटले.

आबांनी आयुष्यात अमेरिकन रेकॉर्ड ऐकलेली नाही. टॉलिव्हरांनी आमची वरात पाहिलेली नाही. तरी आवाज एकच. हे कसं, ते मला सांगता येत नाही. गोंगाटात ज्याला ऐकू जायचं असतं, त्याचा गळा बहुतेक एकाच वाटेने जात असावा.

ती हॉस्टेलची गोष्ट मात्र माझ्याआधी सगळीकडे पोचायला लागली. आमचा ड्रमर कुठेही कार्यक्रम असला की तीच सांगून माझी ओळख करून द्यायचा. मग ती मंडळातही पोचली, काकांनी तिला आणखी हात-पाय लावले. रेकॉर्ड्स आधी तीन होत्या, मंडळात त्या दहा झाल्या. माझी बायको वैशाली, तिलाही तीच खरी वाटते. मी दुरुस्त केली नाही. कुणासमोर करणार होतो? आणि किती जणांसमोर?

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आबा इथे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून शरयूकाकू राहतात — मूळच्या नागपूरच्या, इथे चाळीस वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टर, आता रिटायर्ड. त्यांची आणि आबांची रोजच्या वॉकमध्ये गट्टी जमली. मला तर आधीपासून त्या हक्काने रागावतात. काकूंना गाण्याचं वेड. आबा त्यांना वराती सांगायचे, नवरदेवाच्या मित्रांच्या फजित्या सांगायचे, आणि काकू रस्त्यात थांबून हसायच्या.

आबांना माझा ग्रुप बघायचा होता. दोन शनिवार मी टाळले. हॉल बंद आहे म्हणालो, मग गाडीचं काहीतरी निघालं म्हणालो. तिसऱ्या शनिवारी काकूच किल्ली फिरवत दारात उभ्या राहिल्या. वैशाली कामावर होती. काकू म्हणाल्या, "चल रे, मी ड्राइव्ह करते. बघू तरी तुमचा धिंगाणा." मांडीवर घरच्या चिवड्याचा डबा घेऊन आबा आधीच गाडीत बसले होते.

तो शनिवार मी किती वेळा परत पाहिलाय. मी वाजवलं — वाघ सोडला नाही त्या दिवशी, आठवतंय मला. मिस्टर टॉलिव्हरनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःचा सॅक्सोफोन आबांपुढे धरला. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. रीड, म्हणजे फुंकायची ती वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली केली. मग वरातीतलं एक जुनं गाणं धरलं, साधं, सरळ. दुसऱ्या फेरीला ड्रमर हळूच आत आला. आणि तिसऱ्या फेरीला आबांनी वाघ सोडला.

एकाहत्तर वर्षांचा माणूस. कमरेएवढ्या उंच टेबलाला टेकून मागे वाकला, आणि एक सूर धरून तोच ठोकत राहिला, ठोकत राहिला. हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या थरथरत होत्या. काकूंनी तोंडावर हात धरला होता. मिस्टर टॉलिव्हर उभे राहिले, परत बसले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. त्यांनी जो आवाज लहानपणी ऐकला होता आणि सत्तर वर्षं बाकीच्यांना सांगून पाहिला होता, तो सांगलीकडच्या एका म्हाताऱ्याने त्यांच्यासमोर आणून ठेवला.

वाजवणं थांबल्यावर ते आबांजवळ गेले. हात हातात घेतला आणि मला म्हणाले, "याला विचार, हा सूर कुणाचा? तुमच्या दोघांचा एकच आहे. कुणी कुणाला दिला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, विचारतायत, हा सूर कुणाचा.

आबांचा चेहरा — नाही, चेहऱ्याचं नको. काय म्हणाले तेवढंच सांगतो. म्हणाले, "सांग त्यास्नी, माज्या बानं मला दिला, म्या तुला दिला. गुळण्यांचं बी सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. ड्रमर, कीबोर्डवाला, गाणारी बाई. हॉस्टेलची गोष्ट ज्यांना पाठ होती ते सगळे. माझ्यापुढे एकच वाक्य होतं, आणि ते आबांनी तयार करून माझ्या हातात दिलं होतं. मला फक्त ते पलीकडे द्यायचं होतं. मी इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतायत, त्यांनी हा माझ्याकडून घेतला. मी इथून रेकॉर्डिंग पाठवायचो, त्यावरून शिकले."

हे ते.

कारणं शोधायला मला चार वर्षं मिळाली आहेत आणि मी शोधली आहेत. एकही टिकत नाही. मी घाबरलो होतो? हो. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नाही, मी उलटं केलं. बापाला मुलाचा विद्यार्थी केलं, आणि तेही तो शेजारीच उभा असताना.

मिस्टर टॉलिव्हरनी आबांच्या हातांकडे पाहिलं — साठ वर्षं चाव्या दाबून वाकडी झालेली बोटं. त्यांना काही कळलं का? मला माहीत नाही. हे न कळणंच सगळ्यात जड जातं. मग ते आबांचा हात हलवत म्हणाले, तुम्हाला शिक्षक फार चांगला मिळाला.

"आता काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"म्हणाले, तुम्ही फार मोठे उस्ताद आहात."

आबांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि मिस्टर टॉलिव्हरांपुढे वाकले. ते म्हातारे घाईघाईने त्यांच्यापेक्षा जास्त वाकले. सगळे हसले, कुणीतरी फोटो काढला. आणि मी मागे वळलो तेव्हा काकू चिवड्याचा डबा उघडून उभ्या होत्या. मराठी त्यांची, इंग्रजीही त्यांची. दोन्ही बाजू कळलेला, माझ्याशिवाय, त्या हॉलमधला एकच माणूस.

पार्किंगमध्ये आबा ड्रमरचा निरोप घेत रेंगाळले. तेवढ्यात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "माझं ऐकण्यात काही चुकलं का रे?"

त्या बाईंनी चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनांची पुटपुट ऐकली आहे. खरं बोलायला त्या मला दार उघडून देत होत्या. आत यायचं तर ये, असं. मी काय म्हणालो? म्हणालो, "हॉलमध्ये आवाज फार घुमतो, काकू."

"हो का," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या. आजही माझ्याशी चांगल्या वागतात. रागावत मात्र नाहीत. तेवढं बंद झालं.

आबा गावी परतले आणि त्यांनी तो फोटो फ्रेम करून बँडच्या शेडमध्ये लावला. ज्याला त्याला सांगायला लागले, अमेरिकेतला एवढा मोठा उस्ताद, त्याने माझ्यासमोर मान झुकवली. आणि इथे मिस्टर टॉलिव्हर दर शनिवारी मला डोळा मारून विचारायचे, तुझा विद्यार्थी कसा आहे? मी म्हणायचो, बरा आहे. रविवारी सकाळी आबांचा व्हिडिओ कॉल यायचा. आमचं उस्ताद काय म्हणत्यात? मी म्हणायचो, तुमची आठवण काढतात. शनिवारी एक, रविवारी दुसरा. एकाला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर रस्ता माझ्यातूनच. दोघांनाही दुसरी वाट नव्हती — आणि मलाही नव्हती. ग्रुप सोडावा असं शंभरदा वाटलं. पण सोडला तर आबांना काय सांगणार?

दोन वर्षांपूर्वी आबांचे दात काढावे लागले. दाताशिवाय सॅक्सोफोन धरता येत नाही. मी फोनवर काहीतरी समजूत घालायला लागलो, तर तेच माझी समजूत घालायला लागले. म्हणाले, काय बिघडत नाही. सूर तुझ्याकडं हाय, आणि कुणी दिला ते उस्तादाला ठाव हाय. झालं की.

झालं की.

मिस्टर टॉलिव्हर या फेब्रुवारीत गेले. त्याच चर्चमध्ये, वरच्या मजल्यावर, सगळे जमले होते. त्यांच्या मुलीने मला वाजवायला सांगितलं, आणि आधी दोन शब्द बोलायला — तुमची ती हॉस्टेलची गोष्ट बाबांना फार आवडायची, म्हणाली. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. कागदावर लिहून नेलं होतं, इंग्रजीत, सहा ओळी. कोटाच्या खिशात हात घालून तो कागद धरला. काकू तिसऱ्या बाकावर होत्या, त्या मुद्दाम आल्या होत्या. मी माइकसमोर उभा राहिलो, आणि हॉस्टेलची गोष्ट सांगितली. रेकॉर्ड्ससकट. जिथे हसायचं तिथे लोक हसले, जिथे रडायचं तिथे रडले. मग मी वाजवलं. वाघ फार छान सुटला. एवढा चांगला कधीच सुटला नव्हता.

पायऱ्यांवर काकू कोटाची बटणं लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता कुणाला सांगशील?"

ते ज्यांना कळायला हवं होतं ते एकच गृहस्थ होते, आणि त्यांना मी चुकीचं सांगून पाठवलं.

आबांना ही बातमी मी दिलेली नाही. ती दिली की ते विचारतील — माझ्याबद्दल शेवटी काही म्हणाले का? म्हणून दर रविवारी मिस्टर टॉलिव्हर माझ्या तोंडून जिवंत असतात. आबा शेडमधूनच कॉल करतात, मागे बँडची पोरं वाद्यं पुसत असतात. परवाच्या रविवारीही आबांनी विचारलं, उस्ताद काय म्हणत्यात. मी म्हणालो, "बरे आहेत, आबा. कालच तुमचा विषय निघाला होता." आबा हसले, ते बिनदातांचं तोंड उघडून, आणि मागच्या पोरांना सांगायला वळले.